खांद्यावरचा हात

गल्लीत त्याला सगळे चौकटराव म्हणत, आणि फ्रेमवाल्याला त्याचं काही वाटत नसे. उलट बरंच वाटे. दुकान वडिलांचं, कामाचं लांबरुंद टेबल वडिलांचं, आणि नियमही वडिलांचाच: गिऱ्हाइकाच्या फोटोला पाती लावायची नाही. फोटो मोठा असेल तर फ्रेम मोठी करा. कोपरा फाटका असेल तर माउंटखाली, म्हणजे फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याच्या किनारीखाली, लपवा. पण कापू नका. "काच आपली, लाकूड आपलं, माणसं त्यांची," असं वडील म्हणायचे. बावीस वर्षं त्याने हा नियम पाळला. तेविसाव्या वर्षी मोडला, आणि तोही स्वतःच्या बायकोच्या फोटोवर.

बायको परदेशी. तिच्या देशात तो दोन वर्षं एका कारखान्यात फ्रेमच्या पट्ट्या कापायला गेला होता आणि तिच्या आईच्या घरी वरची खोली भाड्याने घेऊन राहत होता. जाताना एक बॅग घेऊन गेला, येताना दोन बॅगा आणि ती. गल्लीने तिचं नाव जिभेवर बसवायचा दोन दिवस प्रयत्न केला आणि मग सरळ 'पाहुणी' म्हणायला सुरुवात केली. लग्नाला दीड वर्ष झालं तरी ती पाहुणीच.

पहिले काही महिने सगळं नवं होतं म्हणून बरे गेले. मग ती विझल्यासारखी झाली. ओट्याशी उभी राहायची आणि कशासाठी आलो ते विसरायची. दुपारी झोपायची ती दिवे लागेपर्यंत. ताटात दोन घास उरायचे, मग चार, मग ताटच तसंच. फ्रेमवाला हबकला. तो हाताने काम करणारा माणूस, त्याने हातानेच उपाय केले. तिच्या माहेरच्या खोलीत पलंग खिडकीला लागून होता, म्हणून इथला पलंग त्याने एकट्याने ओढून खिडकीशी नेला आणि कंबर धरून बसला. तिच्या आईच्या दाराचा निळा रंग स्वयंपाकघराच्या दाराला दिला. पहिल्यांदा फार गडद झाला, दुसऱ्यांदा फार हिरवट. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "हाच," पण इतक्या पटकन म्हणाली की तिने दया केली असावी हे त्यालाही कळलं.

शेवटी डॉक्टरांनी नाडी बघितली, जीभ बघितली आणि सांगितलं, "आजार काही नाही. घराची आठवण येतेय. बोलतं ठेवा."

फ्रेमवाल्याची थोरली बहीण दुकानाच्या गल्ल्यावर बसायची. लग्न तिने केलं नव्हतं आणि मत कुणाचं विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "अरे, तू तिला सारखं 'काय हवं' विचारतोस. 'काय होतं' ते विचार ना."

तेव्हापासून रोज संध्याकाळी दुकान बंद करून आला की तो बायकोसमोर बसायचा आणि विचारायचा, "सांग, तुमच्या गल्लीत आता काय चाललं असेल?"

औषध लागू पडलं. ती बोलायला लागली, मोडक्यातोडक्या भाषेत, हातवारे करत, मध्येच हसत. आई जिन्याचा कठडा कसा रोज पुसते, धाकटी बहीण कशी पायऱ्यांवर बसून नखं रंगवते. ती जेवायला लागली. फ्रेमवाल्याला आपल्या अकलेचं कौतुक वाटलं. ते आठवडाभर टिकलं, कारण आठवड्याभरात त्याच्या लक्षात आलं की प्रत्येक गोष्टीत एक माणूस हटकून येतो. तिच्या घराच्या तळमजल्यावरचा रेडिओवाला.

रेडिओवाल्याने पाइपात अडकलेलं मांजर काढलं. रेडिओवाल्याने आईचं कपाट एकट्याने जिन्यावरून खाली नेलं. रेडिओवाला शिट्टीवर कुठलंही गाणं वाजवतो. बहिणीला ताप होता तेव्हा रेडिओवाला पावसात डॉक्टर घेऊन आला. एका माणसाने किती गुणी असावं? फ्रेमवाल्याने त्याला पाहिलं होतं, दोन वर्षं येता-जाता. उंच, बाह्या नेहमी दुमडलेल्या, कानामागे पेन्सिल. तेव्हा फ्रेमवाला स्वतः फक्त भाडेकरू होता, त्याला काही वाटलं नव्हतं. आता रोज संध्याकाळी तोच माणूस त्याच्या घरात येऊन बसत होता, आणि बोलावणारा हा स्वतः होता. तिला बरं वाटावं म्हणून विचारायचं, आणि तिला बरं वाटलं की आपण जळायचं. त्या दोघांत काही होतं का, हे त्याने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि त्यालाच तो घाबरत होता.

अशातच तिच्या आईचं पाकीट आलं. आत फोटो. तिच्या इथे येण्याच्या आदल्या दिवशी घराच्या पायऱ्यांवर काढलेला, आता कुठे धुऊन आलेला. मध्ये आई, डावीकडे बहीण, उजवीकडे ती, आणि तिच्या पलीकडे, अगदी कडेला, रेडिओवाला. बाह्या दुमडलेल्या. हात तिच्या खांद्यावर.

तिने फोटो छातीशी धरला. डोळे भरून आले, पण चेहरा असा उजळला की लग्नानंतर फ्रेमवाल्याने तो तसा पाहिला नव्हता. "फ्रेम करशील?" तिने विचारलं. "रोज दिसेल तिथे लावू."

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरली बहीण जेवायला गेली तेव्हा त्याने फोटो टेबलावर ठेवला. आधी माउंटच करून बघितला. किनार चांगली चार बोटं रुंद घेतली की रेडिओवाला झाकला जात होता. पण माउंटखाली तो असणारच. काचेच्या आत, पुठ्ठ्याच्या आड, माझ्या बायकोला चिकटून, माझ्याच भिंतीवर. फ्रेमवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने लोखंडी पट्टी ठेवली, पाती घेतली आणि एका ओढीत रेडिओवाला वेगळा केला. हात इतका सराईत की रेघ तसूभरही हलली नाही.

मग त्याने पाहिलं आणि त्याला घाम फुटला. माणूस गेला होता, हात राहिला होता. मनगटापासून पुढे पाच बोटं, तिच्या खांद्यावर जशीच्या तशी. तो हात काढायचा तर तिचा खांदा कापावा लागला असता. आधी निदान त्या हाताला माणूस होता, कडेला उभा असलेला, परका. आता तो नुसताच हात होता, आणि सगळ्या फोटोत आधी तोच दिसत होता.

कापलेली पट्टी मात्र त्याला टाकवेना. फोटो टाकायची सवयच नव्हती. पात्यांच्या खणात, काच गुंडाळायच्या कागदाच्या घडीत त्याने ती सरकवली.

घरी नेऊन त्याने फ्रेम जेवणाच्या टेबलासमोर टांगली. बायकोने जवळ जाऊन फोटोची उजवी कड पाहिली. "छान झालीय," ती म्हणाली आणि आत गेली.

त्या दिवसापासून गोष्टी बंद झाल्या. "तुमच्या गल्लीत आता काय चाललं असेल?" "काही नाही. नेहमीचंच." रेडिओवाला गेला, पण त्याच्याबरोबर आई गेली, बहीण गेली, कठडा गेला, मांजरही गेलं. फ्रेमवाल्याने स्वतःची समजूत घातली की आठवण ओसरली. थोरल्या बहिणीलाही तसंच सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालेलं माणूस जेवतं रे."

आणि तो? तो रोज त्या हातासमोर बसून जेवायचा. घास तोंडात आणि डोळे खांद्यावर. कधी वाटायचं, बोटं जरा हलली.

बहिणीनेच मग पाहुणीला दुकानात आणायला सुरुवात केली. "घरात भिंतींशी काय बोलायचं? चल वहिनी, माउंट कापायला शिक." ती शिकली, आणि चांगली शिकली. एक दिवस एक बाई फोटो घेऊन आली, सासरच्या मंडळींतून एका जावेला वगळायचं होतं. बहिणीने ठणकावून सांगितलं, "आमच्याकडे फोटो कापत नाहीत. वडिलांचा नियम आहे." बाई गेली. पाहुणीने विचारलं, "कधीच नाही, ताई?"

"कधीच नाही. हा तर वडिलांपेक्षा कडक."

मागे फ्रेमवाला खिळा ठोकत होता. हातोडी अंगठ्यावर बसली. बायकोने वळून पाहिलं, त्याच्या अंगठ्याकडे नाही, तोंडाकडे. आणि पुन्हा कामाला लागली.

पंधरा दिवसांनी माहेरून धाकट्या बहिणीचं पत्र आलं आणि पाहुणीने सांगितलं की ती माहेरी जातेय. तिकीट काढलंय.

"किती दिवस?"

"बघू."

या 'बघू'ने त्याची झोप उडवली. बघू म्हणजे महिना? वर्ष? बघू म्हणजे तळमजल्यावर कोण भेटतंय ते बघू? विचारायला तोंड उघडायचा आणि पाणी पिऊन मिटायचा.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी ती दुकानात आली. रोज बाजूचं फळकूट उचलून आत यायची. त्या दिवशी गिऱ्हाइकांच्या बाजूला, गल्ल्यासमोर उभी राहिली आणि एक फोटो पुढे सरकवला. दोघांचा होता, दुकानाच्या दारात काढलेला. फ्रेमवाला जरा अवघडलेला, आणि त्याचा हात तिच्या खांद्यावर.

"हा बरोबर न्यायचाय. कापून हवाय."

"कुठून?" सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं.

तिने नखाने रेघ दाखवली. बरोबर त्याच्या मनगटावरून. "हात राहू दे," ती म्हणाली. "बाकीचा काढून टाक."

गल्ल्यावरची बहीण मान वर करून बघायला लागली. फ्रेमवाल्याने फोटो उचलला, खाली ठेवला. कान तापले. मग त्याने पात्यांचा खण ओढला, कागदाची घडी उलगडली आणि ती पट्टी तिच्यासमोर ठेवली. बहिणीने पट्टी पाहिली, भावाकडे पाहिलं, आणि गल्ला तसाच सोडून बाहेर जाऊन उभी राहिली.

"पहिल्याच दिवशी दिसलं मला," पाहुणी म्हणाली. "हात कुणाचा ते मला कळणार नाही, असं वाटलं तुला?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही विचारलंस?"

इतके महिने न विचारलेलं फ्रेमवाल्याच्या तोंडून शेवटी बाहेर आलं. "त्याने तुला मागणी घातली होती?"

"हो. दोनदा."

"मग?"

"मग काय? मी कुठे उभी आहे?"

ती बोलत राहिली, शब्द शोधत, पण थांबली नाही. "आई आठवली की पायऱ्या आठवतात. पायऱ्या आठवल्या की तो आठवतो, तिथेच बसायचा तो, रेडिओ उघडून. माझी आठवण अशीच येते, सगळी मिळून. मी त्याला कुठून कापू? तू एवढा कारागीर, तुला तरी जमलं का? हात राहिलाच ना?"

"मी जळत होतो," फ्रेमवाला म्हणाला. "अजूनही जळतोय."

"माहीत आहे. जेवताना दिसायचं."

तो घरी गेला, फ्रेम काढून आणली, मागचे खिळे उपसले. पट्टी फोटोला भिडवली. कड कडेला तंतोतंत बसली, हात पुन्हा माणसाचा झाला. पण मधली रेघ काही जाईना. पाठीमागून कागद लावला, वरून दाबलं, दिव्याखाली धरलं. रेघ होतीच. "दिसणार ही," तो ओशाळून म्हणाला.

"दिसू दे."

नवीन, मोठा माउंट तिने स्वतः कापला. तो काच पुसत होता. पाठमोराच त्याने विचारलं, "ही फ्रेम बॅगेत मावेल का? कपड्यांत गुंडाळून देतो."

"ही न्यायची नाही. मी तुला नेणार आहे." तिने दोघांचा फोटो उचलला, अख्खा, आणि पर्समध्ये ठेवला. "ही इथेच लाव, होती तिथे. मी येईपर्यंत."

'येईपर्यंत' हा शब्द फ्रेमवाल्याने मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिला. किती दिवसांनी ते मात्र या वेळी त्याने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला गाडीत बसवून तो परतला तेव्हा शेजारच्या चहावाल्याने हटकलं, "काय चौकटराव, पाहुणी गेली घरी?"

"घर तिचं इथे आहे," फ्रेमवाला म्हणाला. "माहेरी गेलीय."

दुपारी त्याने एकट्यापुरतं ताट वाढून घेतलं. समोर आई, बहीण, ती, मध्ये बारीक रेघ, आणि रेघेपलीकडे तो, बाह्या दुमडून, ऐटीत. मेला दिसायलाही बरा होता. फ्रेम जरा एका बाजूला कलली होती. फ्रेमवाला उठला, बोटाने ती सरळ केली, आणि रेडिओवाल्यासमोर जेवायला बसला.