आबांच्या नाकाची दुरुस्ती

माझ्या हातून आजवर एकच माणूस मेला. तो पुढं अकरा वर्षं धडधाकट जगला, त्यामुळं पोलिसात कुठं नोंद नाही.

हे सगळं झालं आबांच्या फोटोपायी. आबा म्हणजे माझे वडील. साध्या तापाचं निमित्त होऊन ते गेले, त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी लातूरला एसटीच्या डेपोत कारकून. शहराबाहेरच्या नव्या वस्तीत कसंबसं घर बांधलं. (आजूबाजूला सगळ्या कोचिंगच्या पोरांच्या खोल्या. सकाळी पाचला शंभर सायकली निघायच्या, गजर लावायची गरज नव्हती!) वास्तुशांतीचा दिवस ठरला, तेव्हा आईनं एकच मागणी केली.

"बालाजी, मला पडदे नको, सोफा नको. बैठकीत त्यांचा फोटो पाहिजे. मोठा. आरं, डोळे मिटले की फेटा दिसतो, मिशा दिसत्यात, पण नाक दिसंना झालंय. इसरून राहिले रे मी त्यांचं नाक."

मी म्हणालो, "आई, वास्तुशांतीला आबा भिंतीवर असतील. माझा शब्द!"

शब्द देताना मी नेहमी जरा जास्तच जोरात बोलतो. अडचण मागून आठवते. आबांना कॅमेऱ्याचं वावडं होतं. फोटो काढला की आयुष्य घटतं, असं त्यांचं ठाम मत. माझ्या लग्नात फोटोवाला दिसला की ते मांडवाच्या खांबामागं जायचे. अख्ख्या अल्बममध्ये आबांचा फक्त उजवा हात आहे, बुंदी वाढताना. मतदार ओळखपत्रावर फोटो होता, पण तो बघून आई म्हणाली, "ह्यो कोण चोर?"

राहिला एक. निलंग्याच्या बाजारात तरुणपणी काढलेला, आबा आणि त्यांचे थोरले भाऊ शेजारीशेजारी उभे. या थोरल्या काकांना आम्ही दादा म्हणायचो. भूकंपात आमचं गावाकडचं माळवद बसलं, तेव्हा हा फोटो पत्र्याच्या पेटीत होता आणि पेटीवर छताचा लाकडी सर पडला. पेटी दुमडली, फोटोही दुमडला. दुमडला तो असा, की दादांना साधा ओरखडा नाही आणि भेग बरोबर आबांच्या नाकावरून! कपाळ आहे, मिशा आहेत, मधलं नाक गायब. भूकंपालाही नेम असतो, हे मला तेव्हा कळलं.

बायको म्हणाली, "अहो, रशीदभाईंकडं द्या की."

रशीदभाई म्हणजे गंजगोलाईच्या बाजारातले जुने फोटोवाले. त्यांच्या वडिलांपासूनचं दुकान. ब्रशनं फोटो दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. मी गेलो. त्यांनी फोटो भिंगाखाली धरला, मग चष्मा कपाळावर सरकवून माझ्याच तोंडाकडं बघत बसले.

"फोटू छोड के जाव बालाजीभाऊ. आठ दिन लगते. और आप भी जरा बैठो, खिडकी के पास."

मला वाटलं, आता हे माझाही फोटो काढून गळ्यात मारणार! शिवाय डेपोतल्या अख्ख्या कारकुनांत कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट पहिल्यांदा मी मिळवलं होतं. (दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला परीक्षेत कॉम्प्युटर चालूच झाला नाही. बटण भिंतीवरचं राहिलं होतं.) मी ऐटीत म्हणालो, "रशीदभाई, आता ब्रशचा जमाना गेला. हे काम मी घरीच करतो."

"जैसी आपकी मर्जी," म्हणून त्यांनी चष्मा खाली घेतला.

घरी कॉम्प्युटर होता. तो मुलीच्या बारावीसाठी घेतला होता, पण ती दिवसभर कोचिंगला, त्यामुळं दिवसभर तो माझाच. आता प्रश्न उरला सॉफ्टवेअरचा. कॉम्प्युटरच्या दुकानात एकच सीडी मिळाली, तिच्यावर लिहिलेलं: 'फोटोची पन्नास सॉफ्टवेअर'. पन्नास! आम्ही भाजीसुद्धा दोन दुकानं हिंडून घेणारी माणसं. मी घरात समिती नेमली. अध्यक्ष मी, सदस्य बायको सुनंदा, आणि खास निमंत्रित आई. कोचिंगच्या नोटांची झेरॉक्स काढणाऱ्या दुकानात फोटो स्कॅन करून आणला आणि रजा टाकून बसलो.

पहिलं सॉफ्टवेअर फार मोठ्या लोकांचं निघालं. ते उघडताच कॉम्प्युटर चढावरच्या एसटीसारखा धापा टाकायला लागला. अर्ध्या तासानं पडद्यावर एवढी बटणं उगवली की मी घाबरून तारच उपटली.

दुसरं सोपं होतं. त्यात फक्त चौकटी होत्या. मी पहिलीच दाबली आणि आबा एका लाल बदामात जाऊन बसले! भोवती गुलाब, वर दोन कबुतरं. आई बराच वेळ बघत राहिली.

"इतकं तर ते लग्नातबी नटले नव्हते," ती म्हणाली. "काढ त्येला तिथून."

तिसऱ्यानं फोटो झकास उजळला. मला वाटलं, सापडलं! तेवढ्यात आईनं पडद्याला डोळे लावले.

"त्यांच्या कपाळावर काय लिहिलंय गं सुनंदा?"

"ट्रायल, आत्याबाई."

"म्हंजी?"

"म्हणजे फुकट वापरून बघायचं. पसंत पडलं तर पैसे भरून ठेवून घ्यायचं, नाहीतर पंधरा दिवसांनी बंद."

आईनं पदर तोंडाला लावला. "चाळीस वर्षं संसार केला रे मी! आता कपाळावर हे लिवता व्हय?"

तिसरं गेलं. त्यानंतर समिती बरखास्त झाली, कारण आईनं राजीनामा दिला आणि सुनंदाला स्वयंपाक होता. मी एकटाच लढत राहिलो. आणि अखेर सतरावं सॉफ्टवेअर हाताला लागलं. त्यात एक जादूचं बटण होतं: एका जागचा तुकडा उचलायचा आणि दुसऱ्या जागी मलमपट्टीसारखा चिकटवायचा!

सरावासाठी मी माझाच ओळखपत्राचा फोटो घेतला. माझं नाक जन्मापासून डावीकडं कललेलं. शाळेत पोरं म्हणायची, बालाजी सरळ चालला तरी डावीकडं वळतो. उभ्या आयुष्याचं हे दुःख मी दहा मिनिटांत सरळ केलं आणि कॉपी काढून सुनंदाला दाखवली.

"कोण हे?" ती म्हणाली.

"मी!"

"बरे आहेत दिसायला," असं म्हणून ती पोळ्या लाटायला गेली. मला फार हुरूप आला.

आता आबा. नाक आणायचं कुठून? आणि डोक्यात उजेड पडला: शेजारी सख्खा भाऊ उभा आहे! सगळं गाव म्हणायचं, आबा आणि दादा म्हणजे एकाच सुपातले दाणे. मी दादांचं नाक उचललं आणि आबांच्या भेगेवर बसवलं. बसलं! फक्त नाक जरा सावळं आणि गाल उजळ, असं झालं. म्हणून गाल घेतले. गाल आले तसं मिशीचं एक टोक कापलं गेलं. म्हणून मिशा घेतल्या. दादांच्या मिशांवर आबांचे डोळे बिचकलेले दिसायला लागले. म्हणून डोळे घेतले. मग कपाळ कशाला उपाशी ठेवायचं?

तीन दिवसांनी काम पुरं झालं. भेगेचा मागमूस नाही. सुनंदा बघून म्हणाली, "छान आहे. पण मामंजी इतके रागीट नव्हते हो."

"अगं, फोटोत सगळेच रागीट दिसतात," मी म्हणालो.

(प्रामाणिकपणे सांगायचं, तर आबांचा फेटा आणि हनुवटीवरचा तीळ मी जसाच्या तसा ठेवला होता.)

वास्तुशांतीचा दिवस उजाडला. बैठकीत मोठ्या फ्रेमवर मी पंचा टाकून ठेवला होता. घर माणसांनी भरलं. डेपोतले लोक आले, गावाकडचे आले. धर्माबादला आडतीवर मुनीम असलेले दादा आणि काकू सकाळच्या गाडीनं निघाले होते, ते अजून पोचायचे होते. गुरुजी म्हणाले, "चला, उरकून घ्या." मी आईला फोटोसमोर उभं केलं. हार-गंध आधीच पंच्याआड उरकलं होतं. सगळ्यांच्या देखत पंचा ओढला.

आईनं मान वर केली. एक क्षण बघितलं. आणि डोक्यावरचा पदर झपकन कपाळाखाली ओढून, दोन पावलं मागं सरून, भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

"लाजल्या हो!" मागून कोणीतरी बाई कौतुकानं म्हणाली.

माझे डोळे भरून आले. वाटलं, काय हे प्रेम! इतक्या वर्षांनी नवऱ्याचं तोंड बघितलं आणि बाई नव्या नवरीसारखी लाजली. मी सगळ्यांकडं विजयी नजरेनं बघितलं. डेपोतल्या दोघांनी फोटोला हात जोडले, एकानं नाक पुसलं.

तेवढ्यात दारातून काकूंची किंकाळी आली.

"अगं माय! माझ्या धन्याला हार कामून घातला गं?"

आणि त्यांच्यामागून, पाय धुऊन, टॉवेलनं पिकलेल्या मिशा पुसत, खुद्द फोटोच आत आला.

दादांनी एकदा भिंतीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"बालाजी," ते म्हणाले, "उरकायचंच होतं तर कळवायचं तरी! मी तिकीट काढून आलो न."

पदराआडून आईचा आवाज आला.

"बालाजी, थोरल्या भावजींना आधी खाली उतरव. मला मान वर करता येईना."

"पण आई, ते तर खालीच उभे आहेत!"

"मग भिंतीवरच्यांना उतरव! समोरचे निदान जेवून जातील. हे माझ्या उरावर जन्मभर बसत्याल, मी काय डोईवरचा पदर खाली घ्यूच नको का घरात?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं बाईनं थोरल्या दिरासमोर पदर ओढायचा, मान खाली घालायची. आईनं चाळीस वर्षं हे इमानानं केलं होतं. तिच्या हातानं तिच्याआधी ओळखलं होतं, की हा आपला नवरा नाही! आणि मी सर्टिफिकेटवाला, ते काम करून घरभर मिरवत होतो.

लोक हसायला लागले. गुरुजीही हसले, हातातल्या अक्षता माझ्याच अंगावर सांडल्या. फक्त आई हसली नाही. ती आतल्या खोलीत जाऊन बसली. मी मागं गेलो, तर ती रडत होती.

"फोटो नसता तरी चाललं असतं रे. मला फक्त त्यांचं नाक बघायचं होतं एकदा. आता डोळे मिटले की भावजींचंच दिसतंय!"

हे ऐकून माझा बांध फुटला. एवढा टोणगा माणूस, पोरगी बारावीला, आणि मी आईच्या पायाशी बसून हमसाहमशी रडायला लागलो. शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. आई माझ्याकडं बघता बघता थांबली. तिनं माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडं फिरवलं.

"थांब. हलू नको. जाऊबाई! ओ जाऊबाई! हिकडं या जरा!"

काकू आल्या, मागून दादा आले. आईनं पदर ओढला, पण माझी हनुवटी काही सोडली नाही.

"बघा तर हे नाक."

"हाव की!" काकू म्हणाल्या. "हे तर आबाभावजींचंच! तसंच डावीकडं कललेलं!"

"आमच्या मायचं नाक ते," दादा म्हणाले. "आबाला मिळालं, मला न्हाई मिळालं."

आई आता हसायला लागली. डोळ्यांतून पाणी, आणि हसतेय. "रोज भाकर वाढते मी याला! रोज! अन् मला दिसलं न्हाई. आरं मुडद्या, नाक पाहिजे होतं तर आरशात बघायचं की! पन्नास डब्यांत कशाला हुडकत बसलास?"

"आत्याबाई," सुनंदा दारातून म्हणाली, "त्यांनी आरशातलं बघितलं होतं. तेच तर आधी सरळ केलं!" आणि तिनं माझ्या सरळ नाकाची कॉपी सगळ्यांसमोर धरली. (संसारात बायकोनं कोणती गोष्ट जपून ठेवावी, याला काही धरबंध?)

दुसऱ्या दिवशी मी मूळ दुमडलेला फोटो घेऊन रशीदभाईंकडं गेलो. त्यांनी फोटो भिंगाखालीही धरला नाही. खिडकीजवळच्या स्टुलाकडं फक्त बोट दाखवलं.

"बैठो. मैं उस दिन भी बोला था. हिलो नको."

तीन दिवस मी त्या स्टुलावर डावी बाजू करून बसलो आणि ते ब्रशनं आबांना नाक काढत राहिले. तो फोटो बैठकीत लागला. आईनं बघितला, हातातलं काम खाली ठेवलं आणि पुन्हा बघितला. मग तिथंच खाली बसली, डोईवरचा पदर खांद्यावर घेतला आणि निवांत केस विंचरायला लागली. मी बाहेर जाऊन सायकल पुसली. तिला धूळ अजिबात नव्हती.

दादांचा फोटो दादांनीच हारासकट धर्माबादला नेला. "राहू दे, पुढं कामाला येईल," म्हणाले. अकरा वर्षांनी तो खरोखरच कामाला आला. तेव्हा काकूंनी मला जवळ बोलावून एवढंच विचारलं, "बालाजी, फेटा कुणाचा रे ह्यो?"

आमच्या घरी अजूनही नवा पाहुणा आला की भिंतीवरच्या आबांकडं बघतो, मग माझ्याकडं बघतो आणि म्हणतो, "वा! तुमचं नाक अगदी वडिलांवर गेलंय हो!"

आई पदरात तोंड घालून हसते. वडिलांचं नाक माझ्यावर गेलंय, हे कोणत्या तोंडानं सांगू?