अंबाडीची चार रोपं

२०२२ साल. मला बहात्तरावं लागलं होतं. बायको जाऊन दोन वर्षं झालेली, आणि मी मँचेस्टरचं घर सोडून लेकीकडे राहायला आलो होतो. ब्रिस्टलपासून तासाभरावर, समुद्राच्या अगदी काठाला. इथं कौन्सिल भाजीपाला लावायला जमिनीचे तुकडे भाड्यानं देते, अलॉटमेंट म्हणतात त्याला. त्यातला एक मला मिळाला. वारा समुद्रावरून थेट अंगावर येतो, मिठानं पानांच्या कडा करपतात. पण मी कुणाला काही विचारायला गेलो नाही. शाळा चौथीत सुटली असली तरी माती मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

बायकोच्या डब्यात तिच्या माहेरच्या अंबाडीचं बी उरलं होतं. दरवर्षी पाठवणारी तिची बहीणही आता नाही. म्हणजे हे संपलं की संपलं. यातलं एक तरी झाड वाढवायचं, त्याची आंबट भाजी एकदा खायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. एप्रिलात ट्रेमध्ये सगळं बी पेरून खिडकीत ठेवलं. जुनं बी, अकराच रोपं आली. मे संपताना ट्रे प्लॉटवर नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी बघतो तर सात.

"बाबा, स्लग्जनी खाल्ली असतील," लेक म्हणाली. स्लग म्हणजे बिनशंखाची गोगलगाय.

"स्लग चिकट माग सोडतो. माग कुठाय?"

"रात्री पाऊस झाला ना, अहो."

ती फार्मसीत काम करते. तिच्याकडे प्रत्येक दुखण्याला गोळी आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं.

शेजारच्या प्लॉटवर माझ्याच वयाचा एक गोरा होता. बोटींची इंजिनं दुरुस्त करून रिटायर झालेला, कमी बोलणारा. मी वाऱ्याला आडोसा म्हणून फळ्या ठोकत होतो तेव्हा तो आपणहून येऊन म्हणाला होता, फळ्या नको, जाळी लाव. जाळीतून थोडा वारा जातो आणि त्याचा जोर मरतो. फळीवरून तो उडी मारतो आणि पलीकडे आपटतो. स्वतः त्यानं मासेमारीची जुनी जाळी दुहेरी करून चारी बाजूंनी बांधलेली. मी मनात म्हटलं, मी जाळी लावावी असं याला का वाटतंय? जाळीतून आत दिसतं म्हणूनच. मी छातीएवढ्या फळ्या लावल्या, फटसुद्धा ठेवली नाही.

जूनमध्ये वाऱ्यानं फळीवरून उडी मारली आणि माझी रोपं झोडपली. तीन मोडली, उरलेली चार वितीवरच खुंटली आणि महिन्याभरात करपून गेली. लेकीला मी सांगितलं, बी जुनं होतं.

मग जुलैत शेजाऱ्याच्या जाळीआड हिरवं दिसायला लागलं. बोटं फुटल्यासारखं पान, करवतीसारखी कड, अंबाडीचंच. कमरेएवढी, भक्कम बुंध्याची झाडं. मोजली. चार. माझ्या ट्रेमधून गेली होती चार. आणखी पुरावा तो कसला हवा?

आठवडाभर मी त्याच्यावर नजर ठेवली. वाटेवरून कुणी आलं की हा जाळीकडे पाठ करून उभा राहायचा. काय लावलंयस म्हणून विचारलं तर म्हणाला, टोमॅटो. टोमॅटो काय लपवून ठेवतं का कुणी?

लेकीला अलॉटमेंटच्या कमिटीकडे तक्रार लिहून दे म्हटलं तर ती हसायलाच लागली. "इंग्लिश माणूस अंबाडी कशाला चोरेल, बाबा? त्याला ती खातात हे तरी माहितेय का?"

"खायला नाही नेली. मला जमली नाही, त्याला जमली, हे दाखवायला नेली."

तिनं दिलं नाही लिहून. मग मीच मोठ्या अक्षरांत लिहिलं: माझी चार रोपं चोरून शेजारच्या प्लॉटवर लावली आहेत, येऊन बघावं. कमिटीची सेक्रेटरी म्हणजे एक रिटायर्ड मास्तरीण. तिनं कागद दोनदा वाचला आणि शनिवारी दहाला येते म्हणाली.

शुक्रवारी संध्याकाळी शेजारी नव्हता. ऊन चांगलं होतं. मला वाटलं, बाईला अंबाडी काय कळणार, पण पान चाखायला दिलं तर आंबट तरी कळेल. जाळी उचलून आत शिरलो, एक शेंडा खुडून तोंडात टाकला. कडू. दुसऱ्या झाडाचा खुडला. तोही कडू. बोटं चिकट झाली आणि वास आला. गावच्या मठातल्या बैराग्याच्या चिलमीचा वास. गांजा मी वाळलेलाच पाहिला होता, उभं झाड जन्मात नाही.

"काय हवंय तुला?"

मागं तो उभा होता, पांढराफटक. आठवडाभर तू बघतोयस, म्हणाला, सरळ सांग.

"मला माझी अंबाडी हवी होती," मी म्हटलं.

त्याला काही कळेना. मग पानाचं, भाजीचं, ट्रेमधल्या चार रोपांचं सगळं सांगितलं. तो उलट्या बादलीवर बसला आणि माझ्याकडे बघतच राहिला. त्यालाही माझा भरवसा वाटत नव्हता, हे दिसत होतं.

तरी मी विचारलंच, या वाऱ्यात उभी कशी राहिली? तेव्हा तो खुलला. दोन जातींचा संकर आहे म्हणाला, एक बुटकी आणि थंडी सोसणारी, दुसरी उंच. आधीची तीन वर्षं उंच जाती लावल्या, वाऱ्यानं सगळ्या मोडल्या. ही खाली राहते आणि शरदातली वादळं यायच्या आत उरकते. काठीला बांधलेली दोरी त्यानं दाखवली. मुद्दाम सैल, खोड हललं तरच जाड होतं म्हणून. हात चांगला होता त्याचा. मला ते आवडलं नाही, पण होता.

विकत नाही, पाठीच्या दुखण्यासाठी आहे, असंही म्हणाला. टोमॅटो म्हणणारा माणूस. खरं-खोटं त्यालाच ठाऊक.

मग मला दहा वाजताचं सांगावं लागलं. त्यानं चारी झाडांकडे एकदा बघितलं.

"उपटली तरी चार खड्डे दिसतील, आणि तुझ्या कागदावर चारच लिहिलंय. वीस वर्षं हा प्लॉट माझ्याकडे आहे. तो जाईल, मग पोलीस."

मी घरी आलो. तो काय पितो ते त्याचं तो बघेल, कायदा त्याचा तो बघेल. पण मी त्याला चोर म्हणून लिहून दिलं होतं, आणि चोर तो नव्हता. चार रोपं स्लगनी खाल्ली हे मी आजही मानत नाही, पण त्यानं नेली नव्हती हे खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊलाच मी अलॉटमेंटच्या फाटकात जाऊन उभा राहिलो. बाई आली. तिला म्हटलं, माझी मोजण्यात चूक झाली, रोपं पहिल्यापासून सातच होती. तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, मग त्याच्याकडे ती काय आहेत?

"टोमॅटो," मी म्हटलं. "मी जवळून पाहिलेत."

तक्रारीचा कागद तिच्याकडून मागून घेतला, खिशात घातला आणि तिला तिच्या गाडीपर्यंत सोडून आलो.