इतिहास मंडळाची कॅसेट

सोसायटीच्या हॉलसमोर ज्याची खिडकी, त्याला नाटकाची तिकिटं काढावी लागत नाहीत. माझी आहे. मुलुंडच्या आमच्या इतिहास मंडळाचे किस्से मी मुद्दाम गोळा केले नाहीत. गॅसवर दूध ठेवून उभी राहिले की एकेक आपोआप आत यायचा. दूध तेवढं उतू जायचं.

*

मंडळाचे अध्यक्ष दिघेसाहेब, बँकेतून रिटायर. स्थानिक इतिहासासाठी सरकार अनुदान देतं असं त्यांनी पेपरात वाचलं, आणि त्याच आठवड्यात त्यांना मुलुंडच्या इतिहासाचा पुळका आला. अर्ज लिहिला सेक्रेटरी सामंतांनी. हॉलमध्ये मोठ्याने वाचला. पहिलंच वाक्य, 'आमची सोसायटी होण्यापूर्वी येथे काहीही नव्हते.'

मी खिडकीतून विचारलं, "सामंत, काहीच नव्हतं तर इतिहास कसला लिहिणार?"

"सोसायटीचा, सावंतकाकू."

मंजूर झालं की हो ते.

*

अनुदानातून टेपरेकॉर्डर आला. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी टेप करायच्या, अशी सरकारची अटच होती. पहिले तीन महिने त्यावर दिघेसाहेबांच्या सुनेच्या डोहाळजेवणातली गाणी वाजत होती.

मी विचारलं तर म्हणतात, "मशीन वापरात ठेवावं लागतं काकू, नाहीतर बिघडतं."

माझं शिवणाचं मशीन लेकीच्या लग्नापासून झाकून आहे. अजून चालतं.

*

हॉलच्या मधल्या फरशीला बारमाही ओल. मे महिन्यात बाहेर धूळ उडत असते आणि इथे खुर्चीचे पाय ओले. दोनदा फरशी बदलली, दोन्ही वेळा दिघेसाहेबांनी कॉन्ट्रॅक्टरला चोर ठरवलं. शेवटी अनुदानातून गालिचा आणून त्यावर टाकला. कागदोपत्री कारण काय, तर 'ऐतिहासिक वातावरणनिर्मिती'. महिन्याभरात त्या वातावरणाला असा वास सुटला की मला खिडकी लावून घ्यावी लागली. माझ्यासारखीला.

*

तान्हूबाई जुन्या गावठाणातल्या. त्यांच्यात लग्नात धवले गातात. धवला म्हणजे लग्नाचं बोलावणं. देवांना, डोंगराला आणि शेवटी गावातल्या एकेका विहिरीला नाव घेऊन बोलवायचं. एक जरी राहिली तरी लग्न अपुरं.

त्या मला म्हणाल्या, "सावंतीणबाय, मना आता दम लागतं. देव पाठ हायेत, पण बावींची नावं निसटतात. मंगलीचं लगीन हाय. माझा आवाज त्या डब्यात भरून ठेवा. मी गप झाले तं डबा गायल."

मंगल ही नात. मी बाईंना हॉलवर घेऊन गेले. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, डोळे मिटून त्या सगळं गायल्या, एकही विहीर सुटली नाही. कॅसेटची एक अख्खी बाजू भरली. सामंत घड्याळ बघत होते.

गाणं संपल्यावर दिघेसाहेब म्हणाले, "हे छान झालं. पण बाई, इतिहासाचं काही आठवतं का?"

*

लग्न जवळ आलं तशी मी कॅसेट मागायला गेले. "शासनाची मालमत्ता आहे," दिघेसाहेब म्हणाले. सामंतांना जिन्यात गाठलं, तेव्हा खरं कळलं. दिघेसाहेबांच्या एकसष्टीचं भाषण टेप करायला कोरी कॅसेट सापडली नव्हती.

"म्हणजे बाईंचं गाणं पुसलंत?"

"पुसलं नाही हो. त्याच्यावर भाषण घेतलं."

बिल्डिंगमधली कुठलीही बातमी माझ्या तोंडात दुपारपर्यंत टिकत नाही. ही टिकली. तान्हूबाई रोज विचारायच्या आणि मी रोज 'आणते हं' म्हणायची.

*

मग अनुदानवाले साहेब तपासणीला आले. अटीत बसणारी म्हातारी दिसायला हवी, म्हणून तान्हूबाईंना पहिल्या रांगेत बसवलं. त्यांच्या शेजारी मी. साहेबांची खुर्ची बरोबर गालिच्याच्या मध्यावर.

साहेब म्हणाले, "आठवणी ऐकवा."

सामंतांनी बटण दाबलं. 'माझ्यासारख्या सामान्य माणसाचा आपण हा सत्कार केलात...'

साहेबांनी बराच वेळ ऐकलं. "हे गृहस्थ किती जुने?"

"मीच तो," दिघेसाहेब म्हणाले.

तान्हूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी गालिच्याकडे.

भाषण संपलं, टाळ्या संपल्या. सामंत बटण शोधेपर्यंत कॅसेट खर्र करून पुढे सरकली, आणि आतून तान्हूबाईंचा आवाज आला. चिंचेची बाव, ये गं. पिपलाची बाव, ये गं. गोऱ्या पान्याची बाव, ये गं. सगळ्या विहिरी शाबूत. पहिल्या रांगेत बाईंचे ओठ हलत होते.

गाणं थांबलं तशा त्या उठल्या आणि दिघेसाहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"माझं म्होरलं खाल्लंस ना रं? मागलं तरी मना दे."

"ती शासनाची मालमत्ता..."

"शासन मीच आहे," साहेब म्हणाले. "काढा ती कॅसेट आणि द्या त्यांना."

तान्हूबाईंनी कॅसेट पदरात बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली. साहेबांनी पेन उघडलं.

"आजी, या विहिरी आता कुठे आहेत?"

बाईंनी त्यांच्या खुर्चीच्या ओल्या पायांकडे बघितलं.

"एकीवर तं तुमी बसलाव."