उलट्या वेढ्याची मेथी

ये गं पोरी, नागपुरात बसून वाचत असलीस तरी मनानं इथं माझ्यापाशी बस. अकोल्याचा फोटो पाहून "मावशी, शाल देताना त्या बाईच्या कानात काय बोलत होतीस?" असं फोनवर हसत विचारायला तुला वेळ मिळाला. समारंभाला यायला मात्र मिळाला नाही. असो. आता ऐक.

पुरस्कार तिथल्याच, अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका लेखिकाबाईंना होता. भाजीपाला पिकवणाऱ्या घरची लेक. मीही त्यांच्यासारखीच, शाळा अर्धी टाकून आपल्या मनानं लिहायला शिकलेली, म्हणून शाल द्यायला मला अमरावतीहून बोलावलं.

त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात एक पान आहे. आपल्या अमरावतीजवळच्या भातकुलीच्या बाजारात दोघी बहिणी मेथी घेऊन बसल्यात. थोरली म्हणते, "पाणी पिऊन येतो, दुकान पाहजो," अन् उठते. पान उलटलं की धाकटीच्या लग्नाची बोलणी सुरू. थोरली पुढं कुठंच नाही! एखादं पान चिकटलं की काय, म्हणून मी बोटाला थुंकी लावून पाहिलं.

मंचावर शाल खांद्यावर टाकता टाकता राहवलंच नाही. हळूच विचारलं, "बाई, थोरली आली काय हो वापस?"

त्या माझ्याकडं पाहतच राहिल्या. फोटोवाला ओरडून राहिला, "मॅडम, इकडं पाहा!"

"नाही आली," त्या म्हणाल्या. "लय शोधलं. माहीत असतं तर पुढचं लिहिलं नसतं काय? पुस्तक त्याच्यासाठीच काढलं. कोणीतरी वाचन, अन् येऊन सांगन का ती कुठं हाय."

"मंग तिची खूण कावून नाही लिहिली?"

"कोणती लिहू? चेहरा तर आता बदलला असन." मग थांबून म्हणाल्या, "जुडी. आमची माय डावखुरी होती. अंबाडीच्या धाग्याचे उलटे वेढे द्यायची, अन् गाठ न मारता टोक आत खोचायची. आमी दोघी तिचं पाहूनच शिकलो."

"सांगू लोकायले?"

"सांगा."

मागून सूत्रसंचालक कुजबुजला, "ताई, नारळ राहिला!" खरंच, नारळ माझ्याच काखेत.

भाषणात त्यांच्या लेखनाबद्दल चांगलं चांगलं बोलायचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं. ते एक पान वाचलं अन् जुडीची खूण सांगितली. लोक हसले. बाई नाही हसल्या. नारळ मांडीवर धरून एकेका रांगेतले चेहरे पाहत होत्या.

तेव्हापासून इथं राजापेठेत भाजीला गेले की मी जुड्या उलट्यापालट्या करते. भाजीवाला वैतागून म्हणतो, "आजी, मेथी घ्याची हाय का तिची पत्रिका पाह्याची हाय?"

अन् काल तशी एक जुडी हाती लागली गं! अंबाडीचा धागा, उलटे वेढे, गाठ नाही.

"कुठून आली रे हे?"

"भातकुलीच्या बाजूनं येते. कोण बांधते, ते मले काय मालूम?"

असेल एखादी दुसरीच डावखुरी. मी बाईंना फोन करून जुडीचं सांगितलं, अन् हेही सांगितलं. धागा कोणता, टोक कुठं खोचलंय, सगळं त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "सोडजा नोका ते जुडी. मी येतो."

तेव्हा पोरी, तुझी गाडी घेऊन ये. तिघी मिळून भातकुलीला जाऊ, विचारत विचारत. जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली आहे, पण मेथी ती, किती टिकणार? लवकर ये.