सुसानचे पुरावे आणि माझा कावळा

ईस्टरनंतरच्या सोमवारी बंगळुरात व्हाइटफील्डहून घरी येताना ऑफिसच्या कॅबमध्ये माझं भांडण झालं... चक्क येशूवरून!

सुसान माझ्याच टीममधली, केरळची, दर रविवारी न चुकता चर्चला जाणारी. मी सॉफ्टवेअर टेस्टर, म्हणजे पुरावा मागणं हीच माझी रोजीरोटी. त्यात दमलेली.

बाबांना हल्ली काही आठवत नाही, आई गेलीय हेसुद्धा. रोज संध्याकाळी विचारतात, "ती आली का?" मी खरं ते सांगते. मग ते रोज नव्याने रडतात... आणि जेवत नाहीत.

तर सुसान सांगत होती, येशू मेलेल्यातून उठला याला इतिहासाचा आधार आहे. कबर रिकामी झालेली आधी बायकांनी पाहिली. त्या काळी बायकांच्या साक्षीला कोण विचारत होतं? गोष्ट रचायचीच असती तर साक्षीदार पुरुष नसते का घेतले? आणि जे शिष्य घाबरून पळाले, तेच पुढे यासाठी मरायला तयार झाले...

मी म्हटलं, कबर रिकामी म्हणजे कबर रिकामी, एवढंच. माणसं मनापासून मानलेल्या गोष्टीसाठी मरतात, म्हणून ती गोष्ट खरी ठरत नाही. आवाज जरा चढलाच माझा.

ती शांतपणे म्हणाली, "और तुम्हारा कौआ?"

आईच्या दहाव्याला सुसान आली होती. पिंडाला काही केल्या कावळा शिवेना. मामा, मावशी, सगळ्यांनी हात जोडून आईला काय काय कबूल केलं. शेवटी मी म्हटलं, "आई, बाबांना मी माझ्याकडेच ठेवीन." आणि कावळा शिवला!

त्या कावळ्याच्या भरवशावर मी आजवर हा गाडा ओढतेय. त्याला नुसती भूक लागली असेल, असं कुणी म्हटलं तर मला सहन होणार नाही. सुसानने तेव्हा माझ्याकडे पुरावा मागितला नव्हता.

राजाजीनगरला मी उतरताना तीच म्हणाली, शनिवारी मी येते, अंकलजवळ बसते, तू झोप. भांडणानंतर हे...

शनिवारी ती खरंच आली. मी दुपारी आडवी झाले ती मेल्यासारखी झोपले. जाग आली तेव्हा घरात दिवे लागले होते आणि बाहेरून बाबांचा तोच प्रश्न ऐकू आला, तिच्यासाठी हिंदीत... "वो आयी क्या?"

मी धडपडत उठले.

"आएगी अंकल," सुसान म्हणाली. "जरूर आएगी."

मी हे म्हटलं असतं तर ती थाप झाली असती. तिची थाप नव्हती; मेलेले सगळे एक दिवस उठणार, असं ती मनापासून मानते. बाबांनी मान डोलावली आणि ताट जवळ ओढलं.

रिकाम्या कबरीबद्दलचे माझे प्रश्न अजून आहेत तिथेच आहेत. पण त्या संध्याकाळी बाबा पोटभर जेवले... याची साक्षीदार मी आहे.