जटा करायला जळगावला

लोक जळगावला सोनं घ्यायला जातात. मी केस गुंतवायला गेले. ऑफिसात रजा मागताना 'घरगुती काम' एवढंच सांगितलं. खरं कारण सांगितलं असतं तर साहेबांनी मला पुणे स्टेशनऐवजी येरवड्याच्या रिक्षात बसवलं असतं.

नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. आई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि घरात मी एकटी. दाताच्या डॉक्टरांकडे ताटकळत बसले असताना एका परदेशी मासिकात एका बाईचा फोटो पाहिला. डोक्यावर दोरखंडासारख्या जटा, आणि मनसोक्त हसणारी. खाली लिहिलं होतं की अशा जटा करायला आख्खा दिवस लागतो आणि दुसऱ्या माणसाचे हात लागतात. माझ्या डोक्यात ते दुसऱ्या माणसाचे हातच अडकून बसले. आई असेपर्यंत दर रविवारी तेल लावून द्यायची. त्यानंतर माझ्या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता. हे तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही. 'फॅशन' म्हणून मोकळी झाले.

आधी घरीच करून पाहिलं. पुढे आरसा, मागे आरसा, हातात कंगवा. कानापर्यंत जमलं. मागचं काही हाताला लागेना, खांदे मात्र भरून आले. जे गुंतलं होतं तेही धुतल्यावर सुटलं. मग पुण्यातल्या दोन पार्लरांत विचारलं. एकीनं मला शॅम्पू दाखवला, दुसरीनं दार. शेवटी ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं सांगितलं, जळगावला आमच्या ओळखीच्या सरलाभाभी आहेत, मुंबईच्या हॉटेलातल्या पार्लरमध्ये शिकून आल्यात, परदेशी बायकांच्या असल्या जटा त्यांनी केल्यात. झालं, मी तिकीट काढलं.

मे महिन्यातलं जळगाव काय असतं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी गाडीतून उतरले तर नऊच वाजले होते आणि ऊन माध्यान्हीचं. रिक्षावाल्यानं डोक्याला ओला पंचा गुंडाळला होता. रस्त्यात डाळीच्या गिरणीची धूळ, तिचा भाजका वास आणि केळ्यांनी भरलेल्या हातगाड्या. "कोठे जायचं ताई, सोन्याच्या दुकानात?" त्यानं विचारलं. "पार्लरमध्ये," म्हटल्यावर त्यानं आरशातून माझ्याकडे जरा वाईट वाटून पाहिलं.

सरलाभाभींचं पार्लर म्हणजे घराची पुढची खोली. मूळचं राजस्थानी कुटुंब, आत सासरे डाळीचा व्यापार बघत, बाहेर भाभी बायकांच्या भुवया. बाई मोठी हसतमुख. "दीदी, जळगावात हे काम मागायला तुम्ही पहिल्या," असं म्हणून त्यांनी पदर खोचला. माझे केस शिकेकाईनं धुऊन, तेलाचा थेंब न लावता वाळवले, डोक्यावर भांगांचे चौकोन पाडले आणि डाव्या कानामागून सुरुवात केली. एकेक बट घ्यायची, उलटा कंगवा मारत मुळाकडे ढकलायची, मग दोन्ही तळव्यांत वळायची. कंगव्याचा चरचर आवाज, कूलरचं पाणी आणि डोक्यावर फिरणारी दहा बोटं. मला इतकं बरं वाटलं की मी डोळे मिटून घेतले. भाभींना वाटलं मला झोप आली.

दुपारी त्यांनी फुलके, गट्ट्याची भाजी आणि कैरीचं लोणचं ताटलीत वाढून माझ्या मांडीवर ठेवलं. मी जेवत होते आणि मागे त्यांचं काम चालू होतं. "घरी कोण कोण असतं?" त्यांनी विचारलं. "मीच असते," मी म्हटलं. त्यांचा कंगवा जरा थांबला, मग पुन्हा सुरू झाला. डावी बाजू पुरी झाली होती आणि माझं सगळं ठीक चाललं होतं.

तेवढ्यात दारात एक बाई आल्या. एरंडोलकडच्या शेतकरी घरातल्या, हिरवं लुगडं, सोबत नवरीमुलगी, हळदीच्या आधी चेहरा करून घ्यायला आणलेली. बाईंनी आधी माझ्या डोक्याकडे पाहिलं, मग भाभींच्या हातातल्या कंगव्याकडे, आणि दोन्ही हात तोंडावर नेले.

"भाभी! जटले कंगवा लावा तुम्ही?" (जटेला कंगवा लावलात तुम्ही?)

माझ्या लक्षातच येईना. भाभींच्या आलं. डोक्यात जट आली म्हणजे देवी आली. ती सोडवायची नाही, कापायची नाही, तिला कंगवा लावायचा नाही. त्या बाईंना वाटलं की माझ्या डोक्यात आलेली देवी भाभी दुकानात बसून विंचरून काढतायत, आणि अर्धी काढूनही झाली!

"अहो मावशी, काढत नाही, करतेय!" भाभी म्हणाल्या.

"करतेय? जट कोनी करस का? जट येस!" (जट कुणी करतं का? जट येते!)

मीही सांगून पाहिलं. मासिक, फोटो, परदेशी बाई. जितकं बोलले तितकं बिघडत गेलं. शेवटी त्या बाईंनी मला वाकून नमस्कार केला, मुलीला पाया पडायला लावलं आणि मुलीला घेऊन चालत्या झाल्या. जिथे देवीला असं ओरबाडतात तिथे नवरीचा चेहरा कशाला करायचा? गल्लीत त्यांचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता.

भाभी स्टुलावर बसल्या. लग्नसराईचे दिवस, दारात येणारी प्रत्येक नवरी अशाच घरातली. "दीदी, माफ करा," त्या म्हणाल्या, "हात नाही लागणार आता माझा. उरलेलं घरी करा. मी दाखवते ना." त्यांनी दाखवलंही. पण ते मला येत होतंच की. मागचं हाताला लागत नव्हतं, ते कसं दाखवणार? मला त्यांचा राग आला नाही. रडू मात्र आलं, ते मी रिक्षात बसेपर्यंत आवरलं.

डावीकडे जटा, उजवीकडे मोकळे केस, अशी मी धुळ्याच्या एसटीत चढले. धुळ्यातल्या देवपूरला माझी कॉलेजची मैत्रीण शालन शिकवते, तिच्याकडे मुक्काम ठरला होता. गाडी खच्चून भरलेली. कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं आणि "माउलीला बसू द्या हो," म्हणाला. एक म्हातारबाबा लगेच उठले. दोघांच्या बाकावर मी बसले, तर शेजारची बाई पोराला कडेवर घेऊन उठून उभी राहिली. "बसा ना," मी म्हटलं. तिनं हात जोडले. पन्नास-साठ माणसं एकमेकांच्या पायांवर पाय देऊन उभी, आणि माझ्या शेजारची जागा रिकामी! कर्म माझं. पुण्यात निदान मला कुणी बघत नव्हतं म्हणून शेजारी बसत नव्हतं.

खिडकीबाहेर गिरणेचं पात्र वाळूनं भरलेलं होतं. केळीच्या बागा तेवढ्या हिरव्यागार, मग नांगरून ठेवलेली काळी रानं, कापसाची उभी राहिलेली पऱ्हाटी, आणि तोंडावर तव्याच्या वाफेसारखा वारा. बघायला सगळं छान होतं, पण 'ते बघा' म्हणायला कुणी नव्हतं.

एरंडोलला गाडी थांबली. एक म्हातारी चढली, काळीसावळी, उंच. डोक्यावर कापडात गुंडाळलेलं भलंमोठं वेटोळं. लोकांनी तिलाही वाट करून दिली. ती सरळ माझ्या बाकापाशी आली, रिकामी जागा पाहिली, माझं डोकं पाहिलं आणि धपकन बसली.

"बठ्ठा उभा शेतस अन् जागा रिकामी," ती म्हणाली. "तवयच मले समजनं." (सगळे उभे आहेत आणि जागा रिकामी, तेव्हाच मला समजलं.)

तिच्या डोक्यावरच्या कापडाखाली जट होती. तिला सगळे अक्का म्हणत होते. कंडक्टरही.

"कव्हय उनी?" (कधी आली?) तिनं मला विचारलं.

आता काय सांगायचं? पण खोटं बोलवेना. "आली नाही अक्का. केली."

"करी? कोठे?"

"जळगावला. पार्लरमध्ये. म्हणजे दुकानात."

अक्का माझ्याकडे बघतच राहिली. मग अशी हसायला लागली की तिला ठसका लागला. "मायव! जट बी दुकानमा भेटाले लागनी?" मीही हसले. त्या दिवसात पहिल्यांदा.

हसू ओसरल्यावर ती हळू आवाजात बोलायला लागली. तिची जट घरीच आली होती. धाकट्या मुलाच्या वेळी बाळंतपणानंतर ताप आला, महिनोन् महिने अंथरूण सुटलं नाही, केस कुणी विंचरले नाहीत आणि गुंता झाला. सासूनं पाहिलं आणि हळदकुंकू वाहिलं. त्या दिवसापासून तिचं ताट वेगळं, अंथरूण वेगळं. नवरासुद्धा लांबूनच बोलायचा. गावात मान मोठा, मंगळवारी बायका ओटी भरायला येतात.

"मना डोकाले बठ्ठा हात जोडतस," ती म्हणाली. "हात कोनी लावत नही."

हे कंसात समजावून सांगायची गरज नाही. मलाही नव्हती.

मग तिनं एकदम विचारलं, "तुले खाज सुटस का?" मी म्हटलं, थोडी. "मले भलती सुटस. मांगे. मना हात पुरत नही." (मला फार सुटते. मागे. माझा हात पोचत नाही.) तिनं डोक्यावरचं कापड जरा सैल केलं. "तू लाव ना हात. तुले काय भेव? तू तं दुकानमाईन करी लयनी." (तुला कसली भीती? तू तर दुकानातून करून आणलीस.)

मी कापडाखालून बोटं घातली. जट दगडासारखी कडक होती, पण मुळाशी कातडी मऊ, गरम आणि घामेजलेली. नखांनी हळूहळू खाजवत राहिले. गाडीतल्या लोकांनी माना फिरवल्या. अक्कानं डोळे मिटले. पारोळ्याच्या पुढे तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, सगळं ओझं घेऊन, आणि ती घोरायला लागली. माझा हात अवघडला तरी मी हलले नाही. धुळे येऊ नये असं वाटत होतं.

धुळ्याला स्टँडवर तिचा मुलगा आला होता. त्यानं आईला हात जोडले, मला हात जोडले आणि पिशवी उचलून चालू लागला. अक्का त्याच्या मागोमाग गेली. गाडीतून उतरताना तिनं माझ्या गालावरून हात फिरवला होता, तेवढंच.

शालनकडे पांझरेचा पूल ओलांडून गेले. तिनं दार उघडलं, डोकं पाहिलं आणि मिठी मारायला पुढे आलेले तिचे हात मागे गेले. "हे काय गं करून घेतलंस?" शेवभाजी आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी तिनं आग्रह करकरून वाढली. पण उरलेली बाजू करून देतेस का विचारलं, तर म्हणाली, "मला नाही बाई जमायचं. आणि सासूबाई येतील उद्या, त्यांच्यादेखत असलं काही नको." मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघाले.

पुण्याला घराचं कुलूप उघडलं तेव्हा आत तसंच सगळं, दोन दिवसांची बंद हवा. दोन दिवसांत इतक्या लोकांनी माझ्यापुढे हात जोडले होते की आयुष्यभर पुरावेत. मी कंगवा घेऊन आरशापुढे बसले. दोन बटा केल्या. मागे हात पोचेना. मला अक्का आठवली आणि एकदम माझाच भयंकर राग आला. ती बिचारी एसटीत अनोळखी बाईला म्हणते, हात लाव. आणि मी तेवढ्यासाठी जळगाव गाठते, दुकान शोधते, फॅशन म्हणते!

समोरच्या दारात सुलभाताई राहतात. त्यांचं नि माझं नातं जिन्यातल्या मान हलवण्यापुरतं. मी त्यांची बेल वाजवली.

"काय हो, काही हवंय?" त्यांनी विचारलं आणि मग माझं डोकं पाहिलं. "अगंबाई! सोडवून द्यायचेत का?"

"नाही," मी म्हटलं. "उरलेले गुंतवून द्यायचेत. मला मागचं जमत नाही. दिवसभर लागेल."

त्यांनी एकदा डावी बाजू पाहिली, एकदा उजवी. आत कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं, झालं, आता दार लागणार.

"मला येत नाही यातलं काही," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगाल तसं करीन. गॅस बंद करून येते, तोवर त्या पाटावर बसा."

मी बसले. त्या मागे येऊन बसल्या, कंगवा घेतला आणि उजव्या कानामागे बोटं घालून पहिली बट वेगळी केली. "दुखलं तर सांगा हं," म्हणाल्या. दुखत नव्हतं, पण मी हमसून रडायला लागले. त्यांनी काही विचारलं नाही, आणि हातही काढला नाही.