रक्तातली बुरशी

त्या मंगळवारी दुपारी डॉक्टरांनी मला सांगितलं, की माझ्या नवऱ्याच्या रक्तात बुरशी सापडली आहे.

आतड्याला भोक पडलं होतं, त्याचं ऑपरेशन होऊन सोळा दिवस झाले होते. हे भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात अतिदक्षता विभागात होते. तोंडाने काही घ्यायचं नव्हतं, म्हणून मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घातली होती. औषध आणि अन्न त्यातूनच जायचं. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. रक्त तपासायला नागपूरला पाठवलं होतं.

मी पवनीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आठवीच्या मुलांसाठी दरवर्षी पावाचा ओला तुकडा डब्यात झाकून ठेवते. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यावर कापूस दिसू लागतो. बुरशी सावकाश वाढते, ही माझी समजूत त्या डब्यातून आलेली. म्हणून डॉक्टरांचं ऐकून मला खरं तर हायसं वाटलं. मी याहून वाईट काही ऐकायच्या तयारीने गेले होते.

हे शुद्धीवर होते. मी सांगितलं तर हळूच म्हणाले, "मास्तरीणबाई, तुह्या डब्यातली बुरशी माह्या अंगात कशी आली वो?"

"गप राहा. दम लागते तुम्हाले."

"पोरांले दाखवाले घेऊन जा मले. आयता तुकडा."

डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. म्हणाले, "ताई, हे क्वचित होणारं नाही. पोटाचं ऑपरेशन, इतके दिवस अँटिबायोटिक, इतके दिवस नळी, असा पेशंट असला की आम्हाला याची धास्ती असतेच. ही बुरशी तुमच्या-माझ्या आतड्यातही असते, तिथे ती काही करत नाही. रक्तात शिरली की मात्र औषध देऊनही बरेच पेशंट हाती लागत नाहीत. औषध सुरू केलंय. पण ती नळीला चिकटून राहते. नळी आजच काढून दुसऱ्या बाजूला नवी घालायची आहे. इथे सही करा."

मी सही केली नाही. "दादाजींना विचारून सांगते," म्हटलं.

दादाजी म्हणजे माझे भासरे, यांचे थोरले भाऊ. आमचं विणकराचं घर. चुली वेगळ्या झाल्या, तरी कोणताही कागद त्यांच्याशिवाय पुढे जात नाही. ऑपरेशनच्या कागदावरही त्यांचीच सही होती. आणि धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यांशी बोलायचं नाही, निरोप जावेकडे द्यायचा, ही आमच्याकडची रीत. पंचवीस वर्षं मी ती पाळली होती. मी जाऊबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "ते सिहोऱ्याले गेले पोरीकडे, धानाचा चुरणा, मळणी चालू हाय तिकडं. मी लावून राहिली फोन, उचलून नाही राहिले. उद्या ते येतेच."

डॉक्टरांनी संध्याकाळी पुन्हा विचारलं. मी उद्या म्हटलं. एका दिवसात काय होतं, असं मनात होतं.

बुधवारी दुपारी भासरे आले. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला.

"कवाचा हाय हा?"

जाऊबाई आलेल्या नव्हत्या. "कालचा," मी म्हणाले. मी त्यांच्याशी बोललेला तो पहिला शब्द.

"मंग काहून ठेवला? डॉक्टर सांगे तं कराची होती ना सही. मले काय समजते याच्यातलं? शिकलेल्या तं तुम्ही." मग कागद माझ्याकडे देत, "माहा नंबर होता ना बाई तुमच्यापाशी?"

होता. जाऊबाईंच्या नंबराच्या खालीच होता.

त्याच तासात नळी बदलली. गुरुवारी सकाळी रक्तदाब उतरला, मग लघवी बंद झाली. शनिवारी हे गेले.

तेरावं झाल्यावर मी डॉक्टरांकडे गेले आणि त्या एका दिवसाबद्दल विचारलं. ते म्हणाले, "नळी लवकर निघालेली बरी असते. पण त्याने ते वाचले असते असं मी म्हणणार नाही. नसते वाचले, असंही नाही."

मी मिळेल ते वाचत गेले. रक्तातली ही बुरशी पावावरच्या कापसासारखी नसते. ती यीस्टच्या जातीची, काही तासांत दुप्पट होणारी. यीस्टही मीच शिकवते; पुढच्याच पानावर आहे.

रीत होती म्हणून थांबले, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. ते खरं आहे. पण त्या कागदाखाली माझं नाव नको होतं, हेही खरं आहे, आणि रीत त्या वेळी हाताशी होती. भासऱ्यांनी त्यानंतर मला एका शब्दानेही बोल लावला नाही.

मृत्यूच्या दाखल्याच्या अर्जावर मी सही केली. कोणाला विचारलं नाही. घरात आता मी एकटी असते.